गल्ली लिहा

आमच्या गावात नळाच्या आधी मोबाइल वाजतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसू द्या. त्यांच्याकडे रोज पाणी येत असेल.

गाव परतूर-मंठा रस्त्यावर आहे. तालुका म्हणावं तर कचेरी नाही, आणि खेडं म्हणावं तर बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आणि वेळ कुणालाच ठाऊक नसते. पाणी सोडणारा माणूस टाकीची चावी फिरवतो. मग ते एकाच पाइपातून टाकीखालच्या गल्लीत, तिथून बाजारगल्लीत, पुढे मारुतीच्या गल्लीत, स्टँडमागे आणि शेवटी ओढ्यात उतरून पलीकडे चढून आमच्याकडे येतं. आमच्याकडे म्हणजे बौद्धवस्तीत. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि आम्ही पलीकडे का, हे गावात कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण विचारणार?

मी मंठ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी मी आणि माझी माय. माय अंगणवाडीतून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. मी वर्गात असताना नळ आला तर हंडे उचलायचे कुणी, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता. तो सोडवला मेडिकलवाल्याने.

त्याने गावासाठी मोबाइलवर चर्चेचा ग्रुप काढला. मोबाइलवर ग्रुप काय कमी असतात! पण त्यांत सकाळी लिहिलेलं दुपारी सापडत नाही. हा तसा नव्हता. इथे एकाने विषय मांडायचा, त्याच्याखाली बाकीच्यांनी वाद घालायचा, आणि पुढच्या महिन्यात कुणी उलटं बोललं तर त्याचंच जुनं बोलणं वर काढून त्याला दाखवायचं. भांडणाची इतकी चांगली सोय आमच्या गावाला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

त्यावरची पहिली पोस्ट मेडिकलवाल्याचीच. "टाकीखाली. नळ आला." नाव नाही, नमस्कार नाही. थोड्या वेळाने खाली कुणीतरी लिहिलं, "बाजारगल्ली. आला." मग मारुतीची गल्ली बोलली. पाणी पाइपातून पुढे सरकत होतं आणि ग्रुपवर गल्ल्या सरकत होत्या. स्टँडमागे आल्याचं दिसलं की मी शाळेतून फोन लावायची, "माय, स्टँडमागं आलाय." माय शेजारच्या काकूंना हाक मारायची आणि दोघी टिपाडं, हंडे मांडून बसायच्या.

तेव्हापासून ग्रुपवर रिवाजच पडला. काहीही लिहायचं तर आधी गल्ली. नळ असो, सुटलेली म्हैस असो, नाहीतर सरपंचांवर राग असो. कुणी नियम केला नव्हता, पण गल्ली न लिहिणाऱ्याला खाली लोक विचारायचे, "कुठून बोलता?" मी पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा जरा थांबले. आमच्या वस्तीला गाव बऱ्याच नावांनी बोलावतं, काही तोंडावर, काही पाठीमागे. मी लिहिलं, "शेवटची गल्ली." पाणी जिथे शेवटी पोचतं ती. यात खोटं काही नव्हतं, आणि लाजण्यासारखंही काही नव्हतं.

काय एकेक वाद झडायचे! आठवडी बाजार शाळेच्या मैदानावर भरावा की रस्त्याकडेला, यावर गाव महिनाभर भांडलं. ठेचा हिरव्या मिरचीचा खरा की लाल, यावर त्याहून जास्त. लाल म्हणणारा स्टँडमागचा टेलर आणि हिरवा म्हणणारी मारुतीच्या गल्लीतली एक सून, दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. शेवटी तिने डबा पाठवला, आणि टेलरने खाऊन लिहिलं, "स्टँडमागे. चव बराबर आहे, पण याला चटणी म्हणा."

आणि गुरुजी. बाजारगल्लीतले निवृत्त हेडमास्तर. त्यांची प्रत्येक कॉमेंट एकाच वाक्याने सुरू व्हायची: "बाजारगल्ली. मी असहमत आहे." कुणी लिहिलं की आज ऊन फार आहे, तरी गुरुजी असहमत. त्यांचं आणि माझं कधीच पटलं नाही. शाळा सकाळची असावी की दुपारची, मुलांना घरचा अभ्यास द्यावा की नाही, साध्या साध्या गोष्टींवर आम्ही हमरीतुमरीवर यायचो. पण दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर दिसले की ते छत्री वर करून "काय मॅडम" म्हणायचे आणि मीही "नमस्कार गुरुजी" म्हणायची. भांडण ग्रुपवर राहायचं, माणूस स्टँडवर भेटायचा. मला ते फार आवडायचं, हे आता कळतं.

मग ग्रुप वाढला. पुण्याला, संभाजीनगरला नोकरीला असलेली गावची पोरं आली. त्यांच्या मागे 'भावी' लोक आले. भावी सरपंच, भावी सदस्य, भावी सभापती. त्यांच्या वाढदिवसाचे फोटो, हात जोडलेले, काळा चष्मा लावलेले. "नळ आला" हे त्या चष्म्यांच्या खाली कुठेतरी दबून राहायचं आणि मी वर्गाबाहेर उभी राहून बोट झिजवत ते शोधायची. दोनदा तर सापडलंच नाही, आणि मायने आठवडाभर टिपाडाच्या तळातलं पाणी तुरटी फिरवून वापरलं.

त्यानंतर आरक्षणाचे दिवस आले. आमच्या जिल्ह्यात ते कसे आले हे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. त्या वादात कोण बरोबर, ते मी इथे लिहीत नाही. मी एवढंच लिहिते की लोक गल्लीच्या ऐवजी आडनाव वाचायला लागले. ठेच्याचा डबा पाठवणारी सून आणि टेलर एकमेकांच्या पोस्टीखाली लिहीनासे झाले. नंतर वातावरण निवळलं, पण गल्ली लिहायची सवय गेली ती गेली.

आणि त्यावर कडी म्हणजे ग्रुपवर निनावी लिहायची सोय सुरू झाली. मेडिकलवाल्याला वाटलं, गरीब माणूस मोठ्यांविरुद्ध न भिता बोलेल. गरीब माणूस काही बोलला नाही. ज्यांना आधीच कुणाची भीती नव्हती, तेच निनावी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणाची सून कुठे दिसली, कुणाच्या पोराला नोकरी कशी लागली, आणि अधूनमधून ओढ्यापलीकडच्यांना सगळं फुकट कसं मिळतं.

माझा स्वभाव शांत नाही. मायचाच आहे. पहिल्यांदा असं काही वाचलं तेव्हा मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याखाली दुसरा निनावी आला, मग तिसरा. की तोच, कोण जाणे. तेव्हा मी ठरवलं की भिंतीशी वाद घालायचा नाही. जिथे निनावी पोस्ट दिसेल तिथे खाली दोनच शब्द लिहायचे: "गल्ली लिहा."

चांगल्या पोस्टीखालीही लिहायचं, वाईटाखालीही. कुणी निनावीपणे दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तरी "गल्ली लिहा." लोक वैतागले. "आल्या गल्लीबाई" म्हणायला लागले. कुणीतरी माझ्या फोटोवर पोस्टमनची टोपी चिकटवून टाकली. टोपी मला बरी दिसत होती, तेही मी खाली लिहिलं. आणि त्याच्याखाली, "गल्ली लिहा."

बाजारगल्लीतली एक शिक्षिका माझ्याच एसटीने येते. एक दिवस शेजारी बसून म्हणाली, "ताई, सोडून द्या ना. कशाला त्याच्या तोंडी लागून राह्यल्या?"

"तोंड असतं तर लागलेच नसते," मी म्हटलं. "तोंडच न्हाई त्याला, तेच तर मागून राह्यले."

ती हसली आणि तिकिटासाठी सुटे शोधायला लागली.

असं चाललेलं असताना तो फोटो आला. सोयाबीन काढणीचे दिवस होते. मेन लाइनचं काम निघाल्याने सकाळपासून गावात लाइट नव्हती. त्याच दिवशी नळ आला. आमच्या गल्लीतले बहुतेक लोक रानात, मी शाळेत, माय दवाखान्यात. पाणी आमच्याकडे असं जोरात आलं की नळाचे खड्डे भरून रस्त्यावर वाहायला लागलं. कुणीतरी पुलावरून त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर निनावी टाकला. "गावाला प्यायला पाणी नाही आणि ओढ्यापलीकडे रस्ते धुतात. एकाही नळाला तोटी नाही. यांचा व्हॉल्व्ह बंद करा." त्याच्याखाली मतदान लावलेलं. बंद करावा, बंद करू नये.

इथे खड्ड्यांचं सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत पाणी इतकं मरतुकडं येतं की नळ जमिनीच्या वर असला तर चढतच नाही. म्हणून दारोदार कमरेएवढा खड्डा खणलेला असतो. पाइप त्या खड्ड्यात खाली कापून ठेवायचा, पाणी झिरपत आलं की बाई खड्ड्यात उतरून तांब्याने हंडा भरते आणि हंडा वर देते. तोटी कापल्या पाइपाला कुणी लावत नाही. तोटीमुळे जे थोडं येतं तेही अडतं. काम झालं की लाकडाच्या खुंटीला चिंधी गुंडाळून पाइपात ठोकायची, आणि नळ गेला की पुढच्या पाण्यासाठी काढून ठेवायची. त्या दिवशी ठोकायला घरी कुणी नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. वरच्या गल्ल्यांमध्ये घरोघर नळाला मोटारी आहेत. चावी फिरली की मोटारी सुरू होतात आणि पाइपातलं पाणी ओढून गच्चीवरच्या टाक्यांत जातं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे. आमच्याकडे ती उलटी आहे. आडात भरपूर, पोहऱ्यात मात्र ठणठणाट. लाइट गेली की मोटारी बंद, आणि मोटारी बंद की आमचा नळ वाहतो. लाइट गेल्यावर खूश होणारी गावात एकच गल्ली आहे. आमच्या लेकरांनासुद्धा हे माहीत आहे. पण ग्रुपवर कुणी कधी लिहिलं नव्हतं. मीही नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण लिहिणार?

मतदान चालू होतं. 'बंद करावा'ची बाजू चढत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गाव रांगेत उभं होतं आणि ग्रामसभा जवळ आली होती. तिथे ग्रुपवरचं मतदान दाखवून कुणीतरी ठराव मांडणार, हे उघड होतं. व्हॉल्व्ह बंद झाला असता तर आम्हाला महिनोन्‌महिने टँकरच्या मागे पळावं लागलं असतं, आणि मायच्या गुडघ्यांना ते जमणार नव्हतं. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. ती चष्मा लावून बघत राहिली.

"फोटो खरा हाय की," ती म्हणाली.

"खरा हाय."

"मंग खरा हाय म्हणून लिही. अन् लाइट न्हवती, ते बी लिही."

"लोक म्हणतील, गावाला चोर म्हणते."

"तू चोर म्हणू नको. लाइट न्हवती एवढंच म्हण. पाण्यापायी भांडायला आपल्याला कुणी शिकवायला पायजे का?"

मी लिहिलं. "शेवटची गल्ली. फोटो खरा आहे. पाणी वाया गेलं. आमच्या नळांना तोट्या नाहीत, हेही खरं. त्या दिवशी गावात लाइट नव्हती. लाइट असली की आमच्याकडे पाणी चढत नाही, गेली की चढतं. आम्ही तोट्या लावू. पण तोटी लावायची तर पाइप खड्ड्यातून वर घ्यावा लागेल, आणि वर घेतला की मोटारी चालू असताना आम्हाला थेंब मिळणार नाही. म्हणून पाण्याची एक पाळी मोटारीशिवाय करून बघा. त्या दिवशीही आमच्याकडे पाणी वाया गेलं, तर व्हॉल्व्ह बंद करायला मी स्वतः येते. ज्याला उत्तर द्यायचं त्याने गल्ली लिहावी."

उत्तर आधी माझ्याच गल्लीतून आलं, तेही तोंडी. विहाराच्या पारावर बायका, पुरुष सगळे जमले. आमच्या पलीकडच्या घरातले काका तर ताडताड बोलले. "तुला कुणी सांगितल्तं कबूल करायला? पाइप वर घेतला अन् त्यांनी मोटारी लावल्या तर? लेकरांना काय पाजायचं, तुझी पोस्ट?"

त्यांचं चुकत नव्हतं. शब्द मी दिला होता आणि तहान सगळ्यांची होती.

माय भिंतीला धरून उठली. "तुमचे खड्डे राहू द्या. आमच्या नळाला आधी तोटी लावते. न्हाई आलं तर आमचंच न्हाई येणार."

दुसऱ्या दिवशी तिने प्लंबर बोलावला. मी शाळेतून आले तेव्हा पाइप जमिनीच्या वर गुडघ्याएवढा उभा होता, त्याला पितळेची तोटी होती, आणि खड्डा बुजवून वर माती चोपलेली होती. मी म्हटलं, "माय, खड्डा तरी ठेवायचा." ती म्हणाली, "ठेवला असता तर रोज त्याच्याकडंच बघितलं असतं." मग पाय पसरून तेल चोळत बसली. त्या संध्याकाळी मला तिचा रागही आला आणि तिचा अभिमानही वाटला.

ग्रुपवर अजून कुणी गल्ली लिहिली नव्हती. निनावी मात्र जोरात होते. खाई त्याला खवखवे. मी प्रत्येकाखाली माझे दोन शब्द लिहीत होते.

मग एका सुट्टीच्या दुपारी छत्री घेऊन गुरुजी आले. ओढा ओलांडून, चालत. दारात उभे राहून म्हणाले, "मी असहमत आहे, मॅडम. म्हणून म्हटलं स्वतः बघावं."

"कशाशी असहमत?"

"चोर म्हणण्याशी."

"मी चोर शब्द लिहिलाच न्हाई, गुरुजी."

"लिहिला न्हाई, पण वाचताना ऐकू येतो."

मायने त्यांना शेजारच्या काकूंचा खड्डा दाखवला. काकू नुकत्याच आत उतरून, उकिडव्या बसून चिखल काढत होत्या. त्यांचं डोकं तेवढं जमिनीच्या वर दिसत होतं. गुरुजी कडेला बसले आणि आत वाकून बघू लागले. "रोज उतरता?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "नळ आला की उतरते. न्हाई आला तरी उतरते, आला का बघाया."

घरात आल्यावर मायने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. ते तो उचलून घटाघटा प्यायले. माय म्हणाली, "प्या. तुमच्या मोटारीतून सुटलेलंच हाय." मी डोळे वटारले, पण गुरुजी चक्क हसले. मग म्हणाले, "खरं सांगू का, आमच्या शेजाऱ्याने लावली, तवा मला पाणी येईना. मंग मी लावली. माझ्यामुळं पुढच्याला येईना, मंग त्यानं लावली. आता कुणी आधी काढायची, एवढाच सवाल हाय."

"मायनं आधी पाइप वर घेतलाय," मी म्हटलं. "आता तुमची बारी."

ते उठले. छत्री विसरून गेले. ती मी दुसऱ्या दिवशी स्टँडवर परत दिली.

त्या रात्रीची त्यांची पोस्ट अजून ग्रुपवर आहे. "बाजारगल्ली. या प्रकरणात चोर हा शब्द वापरण्याशी मी असहमत आहे. मोटार मात्र माझ्याकडे आहे. या पाळीला ती लावणार नाही. ज्यांना पटतं त्यांनी खाली गल्ली लिहावी."

सकाळपर्यंत खाली कुणी नव्हतं. मग मेडिकलवाल्याने लिहिलं, "टाकीखाली. मीही लावणार नाही." दुपारी लाल ठेच्याचा टेलर आला, "स्टँडमागे. आमची मोटार तशीही जळाली आहे, पण सहमत." त्यावर बऱ्याच दिवसांनी ग्रुपवर हसण्याची चित्रं पडली. एक भावी सदस्य तेवढ्यात हात जोडून हजर. 'मोटारमुक्त पाळी', संकल्पना त्यांची, फोटो त्यांचा, काळा चष्मा त्यांचा. मी खाली लिहिलं, "गल्ली लिहा." मारुतीची गल्ली मात्र गप्प होती.

नळ आला तो ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी सकाळी. मायने आधी पंखा लावला. "लाइट हाय हे दिसलं पायजे," ती म्हणाली. पंखा गरगर फिरत होता आणि आम्ही दोघी तोटीसमोर पाट टाकून बसलो होतो.

"टाकीखाली. नळ आला. मोटार नाही."

"बाजारगल्ली. आला. मी घरोघर जाऊन बघितलं. एक सोडून सगळ्या बंद. त्या एकाशी वाद चालू आहे."

"मारुतीची गल्ली. आला." फक्त एवढंच. मोटारीबद्दल एक शब्द नाही.

"स्टँडमागे. आला. बारीक आहे."

त्यानंतर ग्रुपवर लिहायला कुणी उरलं नाही. उरलो आम्ही. काकूंच्या खड्ड्यात पाण्याचा आवाज सुरू झाला. पलीकडच्या काकांच्या खड्ड्यातही. आमची तोटी कोरडी. गल्लीतली माणसं कामं सोडून आमच्या दारात गोळा झाली. काका कुदळ घेऊन पुढे झाले, "वहिनी, अजून वेळ हाय. पाइप सोडवतो, माती उकरतो, जल्दी होऊन जाईल."

"थांबा," माय म्हणाली.

"पाणी जाईल ना."

"थांबा म्हटलं ना."

मी तिच्याकडे बघत होते. तिचा हात तोटीवर होता. तोटीतून आधी हवा फुसफुसली. मग एक गढूळ गुळणी पडली, मग पुन्हा हवा, आणि मग करंगळीएवढी धार लागली. बारीकच, पण जमिनीच्या वरून. हंडा तिच्याखाली बसला, आणि कुणालाही खड्ड्यात उतरावं लागलं नाही. काकू आपल्या खड्ड्यातून मान उंच करून, पदराने डोळे पुसत बघत होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मला राग येतो, कारण मग माझ्याही येतं. त्या दिवशी आलं.

भरायला फार वेळ लागला. हंडे झाले, कळश्या झाल्या, टिपाड झालं. शेवटचा तांब्या भरल्यावर मायने तोटी फिरवली आणि धार थांबली. आमच्या गल्लीत कुणी वाहता नळ खुंटी न ठोकता, नुसत्या हाताने बंद केलेला मी त्याआधी बघितला नव्हता. पलीकडचे काका जवळ आले, त्यांनी तोटी एकदा उघडली, एकदा बंद केली, आणि प्लंबरचा नंबर मागितला.

"आता लिही," माय मला म्हणाली.

"काय लिहू?"

"शेवटची गल्ली. नळ आला. भरून झालं. बंद केला."

मी तसंच लिहिलं. गुरुजींनी लगेच पसंतीचा अंगठा टाकला. माझ्या पोस्टीखाली असहमतीशिवाय आलेली त्यांची ही पहिलीच खूण. त्याच्याखाली थोड्या वेळाने निनावी सदस्य उगवला. "एका दिवसाने काय होतं? पुढच्या पाळीला बघू."

मी नेहमीचे दोन शब्द लिहायला बोट उचललं. मायने विचारलं, "काय म्हणतोय?" मी वाचून दाखवलं. तिने ओल्या हातांनी पदर शोधला, हात पुसले, आणि मोबाइल माझ्याकडून काढून घेतला. अंगणवाडीत असताना ती मोबाइलवर माहिती भरायची, पण ग्रुपवर तिने कधी अक्षर लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर दाबत, ओठ हलवत तिने लिहिलं आणि मला न दाखवता पाठवून दिलं.

मी मोबाइल परत घेऊन बघितलं.

"शेवटची गल्ली. आम्ही पुढच्या पाळीला बी हितंच हाओत. तू तुझी गल्ली लिही."